आमचे २४० दिवस कधीच का भरत नाहीत?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात बातमी होती की पुण्याजवळच्या चाकण, रांजणगाव भागातल्या कारखान्यांना कुशल कामगार मिळत नाहीत, पोरं येतात आणि टिकत नाहीत, तीन-चार महिन्यांत सोडून जातात. ती बातमी मी नाइट शिफ्ट करून रूमवर आल्यावर वाचली आणि खरं सांगतो मला झोप लागली नाही, कारण मी टिकलोय. नऊ वर्षं टिकलोय. एकाच कंपनीत, एकाच शॉपमध्ये (कारखान्यातल्या विभागात), त्यातली शेवटची सहा वर्षं तर एकाच सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनवर. आणि कागदावर बघितलं तर आजच्या तारखेला मी चार महिन्यांपूर्वी लागलेला नवीन माणूस आहे. हे कसं, ते तुमच्या वाचकांना कळावं म्हणून लिहितोय, लिखाणाची सवय नाही, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी परभणी जिल्ह्यातला, आयटीआय टर्नर ट्रेडने केलेलं. २०१६ च्या जूनमध्ये गावातल्याच एका पोराच्या ओळखीने चाकणला आलो, खराबवाडीत चौघांत एक रूम घेतली आणि तिसऱ्या दिवशी गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ठेकेदाराकडून लागलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथेच काम करायचंय, आणि दुसरं म्हणजे हे एका कंपनीचं नाहीच, आमच्या रूमच्या लाइनीत वीस पोरं राहतात ती दहा-बारा वेगवेगळ्या कंपन्यांत जातात आणि प्रत्येकाची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे.

आमच्याकडे ह्या प्रकाराला "ब्रेक" म्हणतात. सात महिने होत आले की ठेकेदाराचा सुपरवायझर शिफ्ट सुटताना गेटवर गाठतो आणि म्हणतो उद्यापासून तुझा ब्रेक. मग गेटपास जमा करायचा, टोकन जमा करायचं, एका छापील कागदावर सही करायची ज्यावर लिहिलेलं असतं की मी माझ्या घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने काम सोडत आहे, फुल अँड फायनलच्या (शेवटच्या हिशोबाच्या) व्हाउचरवर सही करायची, आणि घरी जायचं. वीस-पंचवीस दिवस, कधी महिना. त्याचा पगार नाही, रूमभाडं मात्र चालू, मेस चालू, गाडीचा हप्ता चालू. मग फोन येतो, ये. परत आधार-पॅनची झेरॉक्स, परत मेडिकल, परत नवीन सेफ्टी शूजचे पैसे पगारातून कट, परत नवीन टोकन नंबर, आणि तेच मशीन. माझं आतापर्यंत असं १३ वेळा जॉइनिंग झालंय. ह्या नऊ वर्षांत ठेकेदाराच्या फर्मचं नाव चार वेळा बदललं पण पगाराची स्लिप वाटायला येणारा माणूस तोच आहे.

हे सातच महिने का, तर त्यामागे २४० दिवसांचं गणित आहे. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस भरले की एक वर्षाची सलग नोकरी धरायचे आणि मग माणसाला नोटीस आणि नुकसानभरपाई दिल्याशिवाय सहज काढता येत नव्हतं. आपल्या महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत (कारखान्यातल्या नोकरीच्या अटींचे नियम) तर असं होतं की बदली (दुसऱ्याच्या जागेवर घेतलेल्या) किंवा टेम्पररी कामगाराने २४० दिवस पूर्ण केले की त्याला परमनंट करायचं. साप्ताहिक सुट्ट्या धरून मोजलं तर सात महिने म्हणजे साधारण २१०-२१२ दिवस होतात, म्हणजे रेषेच्या महिनाभर अलीकडे. हा महिना आमच्या अख्ख्या आयुष्यातून दर वेळी कापला जातो.

आता ब्रेकमध्ये काय होतं ते सांगतो म्हणजे तुमच्या लक्षात येईल. दोन वर्षांपूर्वी मी ब्रेकमध्ये गावी होतो, सोयाबीनची काढणी चालू होती, मी आणि भाऊ शेतात होतो आणि शिफ्ट इंजिनिअर साहेबांचा फोन आला. साहेब माणूस चांगला आहे, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. म्हणाले अरे तुझ्या मशीनवर बोरचा साइज जातोय, सकाळपासून रिजेक्शन चालू आहे, तू टूल बदलल्यावर ऑफसेट किती देतोस, नवीन पोराला जमत नाहीये. मी बांधावर बसून फोनवर त्या पोराला सगळं सांगितलं, कुठलं टूल लवकर घासतं, किती पार्टनंतर गेज लावायचा, कूलंट कमी झालं की काय होतं. अर्धा तास गेला. भाऊ म्हणाला तुला तर काढलंय ना, मग तुला कशाला विचारतात? माझ्याकडे उत्तर नव्हतं. संपादक साहेब, ज्या माणसाला काम सुटल्यावरही मशीन कसं चालवायचं ते विचारायला फोन करावा लागतो त्याचं काम टेम्पररी कसं काय असू शकतं? गाड्या बारा महिने बनतात, पार्ट बारा महिने लागतो, मशीन तीन शिफ्ट चालतं. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा केला तेव्हाच त्यात धरलं होतं की बारमाही स्वरूपाच्या कामात कंत्राटी पद्धत बंद करता आली पाहिजे. आणि त्याच्या नियमांत अटही होती की ठेकेदाराचा माणूस कंपनीच्या माणसासारखंच काम करत असेल तर त्याला पगारही तसाच द्यायचा. आमच्या शॉपमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर परमनंट काका आहेत, मला काम त्यांनीच शिकवलं, मोठ्या भावासारखे आहेत, दोघांचं ड्रॉइंग एक, सायकल टाइम एक, टार्गेट एक, आणि पगार माझ्या तिप्पट. त्यांना जास्त मिळतं ह्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही, त्यांच्या युनियनने दर तीन वर्षांनी करार करून, भांडून ते मिळवलंय. माझं दुःख एवढंच की मी उद्या किती भांडलो तरी भांडायला समोर कुणी नाही. कंपनीत गेलो तर म्हणतात तुझ्या ठेकेदाराशी बोल, ठेकेदार म्हणतो मला कंपनी जेवढा रेट देते तेवढंच देणार, तुला नसेल परवडत तर बाहेर लाइन लागलीये.

लोकांना वाटतं महिनाभराचा पगार बुडतो एवढंच नुकसान आहे. तसं नाहीये. ग्रॅच्युइटी घ्या, जुन्या कायद्याने पाच वर्षं सलग पाहिजेत, माझी नऊ होऊनही एकसुद्धा सलग नाही. भरपगारी रजा घ्या, जुन्या कारखाने कायद्यात वर्षाला २४० दिवस काम केलं की वीस दिवसांमागे एक रजा मिळायची, पण दर ब्रेकनंतर कागदावर मोजणी नव्याने व्हायची म्हणून ते भरायचेच नाहीत, त्यामुळे आई दवाखान्यात होती तेव्हा मी जेवढे दिवस गेलो तेवढे सगळे बिनपगारी. बोनस कायद्याने ३० दिवस काम केलेल्यालाही मिळायला पाहिजे पण ब्रेक नेमका दिवाळीच्या तोंडावर आला की तो मागायला गेटच्या आत कसं जायचं हाच प्रश्न असतो. आणि सगळ्यात मोठं नुकसान पीएफचं झालं. पगारातून १२ टक्के कापतात ते भरले जातात, त्यात आमचा ठेकेदार प्रामाणिक आहे हे मी मुद्दाम सांगतो. पण दर वेळी नवीन मेंबर आयडी (पीएफ खात्याचा नंबर) पडतो, जुनी रक्कम नव्यात ट्रान्सफर करायची हे कुणी सांगत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्हाला एका फोनवर घरी पाठवलं, तीन महिने बसून होतो, बहिणीचं लग्न ठरलेलं, मग सायबर कॅफेवाल्याकडून फॉर्म १९ (पीएफ काढायचा) आणि १०सी (पेन्शनचे पैसे काढायचा) दोन्ही भरले आणि पीएफ, पेन्शन सगळं काढून घेतलं. त्या वेळी हातात पैसे आले म्हणून बरं वाटलं. नंतर कळलं की पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते आणि १०सी भरल्यामुळे माझी आधीची चार वर्षं पुसली गेली, मोजणी परत शून्यापासून. हे मी तरुण पोरांसाठी लिहितोय, ब्रेकमध्ये कितीही अडचण असली तरी १०सी भरू नका, आधी ट्रान्सफर करा, यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) एकच ठेवा.

घरच्या गोष्टी पेपरात लिहाव्या का माहीत नाही पण लिहितो. माझं लग्न ३१ व्या वर्षी झालं. त्याआधी पाच ठिकाणी बघायला गेलो, पाचही ठिकाणी पोरीच्या वडिलांचा पहिला प्रश्न एकच, परमनंट आहे का? मी नाही म्हणायचो. चहा-पोहे व्हायचे, नंतर फोन यायचा नाही. त्यांचीही चूक नाही, कुठला बाप सात महिन्यांच्या नोकरीवर पोरगी देईल. ज्यांनी दिली त्यांनी माझ्या दोन एकराकडे बघून दिली. होम लोनसाठी बँकेत गेलो तर सलग दोन वर्षांची नोकरी दाखवा म्हणाले. नऊ वर्षांत जो माणूस पहाटे साडेपाचला बसस्टॉपवर उभा राहतो त्याला नोकरी आहे हे एका कागदानेसुद्धा सिद्ध करता येत नाही, ह्याने माणूस आतून खचतो साहेब.

आणि ब्रेकची भीती कामावर काय करते तेही लिहिलं पाहिजे. आमच्याच रूमवर बुलढाण्याचा एक पोरगा होता, दुसऱ्या एका कंपनीत पॉवर प्रेसवर. प्रेसचा सेफ्टी सेन्सर दोन दिवस बंद होता, त्याला माहीत होतं, पण सहा महिने होत आले होते आणि तक्रार केली तर ब्रेकनंतर परत बोलावणार नाहीत म्हणून गप्प राहिला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. नंतर बघितलं तर ईएसआयमध्ये (सरकारी कामगार विमा योजनेत) त्याचं नाव अपघाताच्या दिवशीच चढवलेलं, त्याआधी सहा महिने पगारातून पैसे कट होत होते ते कुठे गेले कुणी सांगितलं नाही. कामावरच्या अपघातात आधी किती वर्गणी भरली हे बघत नाहीत, पहिल्या दिवसापासून हक्क असतो, हे आम्हाला दवाखान्यातल्या एका बाईंनी सांगितलं म्हणून कळलं. उपचार झाले, पण त्याचे सात महिने तोवर संपले होते आणि तो फोन परत आलाच नाही. सेफ इन इंडिया नावाची संस्था ऑटो पार्टच्या कारखान्यांत हात गमावलेल्या कामगारांसाठी काम करते, त्यांच्याही अहवालांत हेच येतं की जखमी झालेल्यांत जास्त करून कंत्राटी आणि बाहेरगावचे कामगार असतात. मशीनसमोर उभ्या माणसाला "हे बंद करा, हे धोक्याचं आहे" एवढं बोलायची हिंमत पाहिजे, आणि ज्याची नोकरीच सात महिन्यांची त्याला ती हिंमत कुठून येणार.

आता कायद्याचं. मला वाटायचं की ब्रेक देणं कायद्यातच बसत असेल, एवढे मोठे लोक उघड उघड करतात म्हणजे बसतच असणार. गेल्या वर्षी एका ओळखीच्या वकील साहेबांनी सांगितलं की आपल्या महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा आहे, कामगार ज्याला यूएलपीचा कायदा म्हणतात, त्याच्या चौथ्या परिशिष्टात सहावी बाबच अशी आहे की कामगारांना बदली, कॅज्युअल किंवा टेम्पररी म्हणून वर्षानुवर्षं ठेवायचं आणि परमनंटचे फायदे मिळू द्यायचे नाहीत, ही अनुचित कामगार प्रथा आहे. म्हणजे ५० वर्षांपूर्वी कुणीतरी आमचीच गोष्ट ओळखून कायद्यात लिहून ठेवली होती! २००९ मध्ये एसटीच्या गाड्या धुणाऱ्या सफाई कामगारांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ह्याच कलमाखाली त्यांना मिळालेला परमनंटचा निकाल कायम ठेवला. ते ऐकलं त्या दिवशी मी वकील साहेबांना तीन वेळा विचारलं, खरंच का?

पण आमच्यात आणि एसटीच्या कामगारांत एक फरक आहे, मध्ये ठेकेदार आहे. २००१ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ठेका बंद झाला म्हणून आपोआप कुणी कंपनीचा होत नाही, ठेका नुसता देखावा आहे हे आधी कामगाराने सिद्ध करायचं. कशाने सिद्ध करणार? मी कामगार खात्याच्या एका ऑफिसात गेलो होतो, त्यांनी अपॉइंटमेंट लेटर मागितलं, नव्हतं. गेटपास मागितला, तो दर ब्रेकला जमा होतो, मी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलेत ते दाखवले, म्हणाले ओरिजिनल आणा. ठेकेदाराचं हजेरी रजिस्टर मागवलं तर त्यात मी तेराच्या तेरा वेळा नवीन.

आणि इथेच मला जे सांगायचंय ते येतं, ह्या पत्रातलं बाकी काही जागेअभावी कापलं तरी चालेल पण हे छापा. कंपनीच्या गेटवर पंचिंग मशीन आहे. बोटाचा ठसा, आता गेल्या दोन वर्षांपासून चेहरा. ते मशीन ठेकेदाराचं नाही, कंपनीचं आहे. टोकन नंबर १३ वेळा बदलला पण माझा अंगठा बदलला नाही. त्या मशीनच्या कॉम्प्युटरमध्ये मी कुठल्या तारखेला किती वाजता आत गेलो आणि किती वाजता बाहेर आलो, ओव्हरटाइमचे तास सुद्धा, सगळं असणार. कामगार खात्याचे अधिकारी तपासणीला येतात तेव्हा ठेकेदाराची रजिस्टरं बघून जातात. त्यांनी मूळ मालकाकडून गेटवरचा डेटा मागवावा, एकाच माणसाचे सगळे टोकन नंबर एकत्र करून दिवस मोजावेत, आणि दर ब्रेकनंतर तोच माणूस त्याच मशीनवर परत आलाय का एवढंच बघावं. ह्याला नवीन कायदा लागत नाही, नवीन भरती लागत नाही. आणि तो डेटा मागितल्यावर डिलीट होऊ नये म्हणून काही वर्षं जपून ठेवायचा आदेश काढावा. माझी कामगार मंत्री साहेबांना हीच एक विनंती आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार नवीन कामगार संहिता लागू झाल्या, त्याबद्दल आमच्या रूमवर खूप चर्चा होते. काही गोष्टी चांगल्या आहेत, सगळंच वाईट म्हणणार नाही. प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यायचं, हे आमच्यासाठी खूप मोठं आहे. रजेसाठी २४० ऐवजी १८० दिवसांची अट केली, म्हणजे सात महिन्यांच्या माणसालाही आता रजा बसली पाहिजे. फिक्स टर्मच्या (ठरावीक मुदतीच्या करारावरच्या) कामगाराला एक वर्षाने ग्रॅच्युइटी मिळणार असं सरकार सांगतंय. पण साहेब, एक वर्ष! आमचं कधी एक वर्ष होऊच देत नाहीत, मग पाच वर्षांची अट एकावर आणली तरी सात महिन्यांचा माणूस दोन्हींच्या बाहेरच. त्यात स्थायी आदेशांची मर्यादा ३०० कामगारांवर नेली, म्हणजे लहान कारखान्यांत ते लागणारच नाहीत. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे तास ९ वरून १२ पर्यंत नेता येतील आणि तिमाही ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तासांपर्यंत करता येईल असा निर्णय घेतला, कामगाराची लेखी संमती घेऊन. संमतीचा कागद आमच्यापुढे कसा येणार ते मला आत्ताच दिसतंय, स्वखुशीने काम सोडत आहे ह्या कागदासारखाच येणार, छापील, खाली सही कर म्हणून.

ठेकेदारांबद्दलही एक लिहितो, नाहीतर गैरसमज होईल. चाकण भागात पुष्कळ ठेके इथल्या गावच्या लोकांकडे आहेत, त्यांच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या, त्यांना कंपनीत काहीतरी धंदा मिळाला पाहिजे हे मला पटतं. आमच्या ठेकेदाराचे वडील शेतकरीच होते, मला अडचणीला दोनदा उसने पैसे दिलेत त्यांनी. ब्रेक द्यायचा निर्णय त्यांच्या एकट्याचा नसतो, कंपनीच्या एचआरमधून लिस्ट येते कुणाचे किती दिवस झाले ह्याची. म्हणजे बघा, आमचे दिवस कंपनी मोजते. अगदी नीट मोजते, म्हणून तर २१० व्या दिवशी बरोबर हाक येते.

परमनंट बंधूंनाही विनंती आहे. तुमच्या पुढच्या करारात मागण्यांच्या यादीत शेवटची का होईना पण एक मागणी आमची घाला, निदान ब्रेक बंद करा एवढी. आमच्या शॉपमधले काका पुढच्या वर्षी रिटायर होतायत, त्यांच्या जागेवर परमनंट माणूस येणार नाही हे सगळ्यांना माहिती आहे, त्या मशीनवर पण आमच्यातलाच कुणीतरी सात-सात महिने उभा राहणार. काका स्वतः म्हणतात आम्ही सुरुवातीला टेम्पररीच होतो रे, पण आम्हाला दोन वर्षांत घेतलं होतं.

माझा पुढचा ब्रेक तीन महिन्यांनी आहे. बायकोला सातवा महिना लागलाय, म्हणजे डिलिव्हरी बहुतेक ब्रेकच्या आधी होईल, ईएसआयचं कार्ड चालू असताना, ह्याचा आम्हा दोघांना मोठा आधार वाटतो. ह्या वेळी तो छापील कागद आला की मी सही करण्याआधी त्याचा फोटो काढणार आहे आणि "स्वखुशीने" ह्या शब्दाखाली पेनाने लिहिणार आहे की ब्रेक दिला म्हणून जात आहे, आणि तारीख टाकणार आहे. वकील साहेब म्हणाले तेवढंही पुढे कामाला येतं. काय होईल माहीत नाही, कदाचित परत फोन येणार नाही. पण आमच्या लाइनीतल्या आणखी सहा जणांनी तसंच लिहायचं ठरवलंय.

नाव छापू नये ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक कंत्राटी सीएनसी ऑपरेटर, चाकण